सभेचा रोग

ट्रेबियस कुंभाराची पोर चाकाकडे पाठ करून बसायची. कुंभाराच्या घरात जन्मून चाक फिरताना बघायचं नाही, हे काय सोपं आहे? पण पूपाने कधी हट्ट धरला नाही. भिंतीकडे तोंड करून ती मातीच्या वळ्या वळायची, त्यांना बाक द्यायची आणि सुरयांचे कान करून फळीवर ओळीने मांडायची. नऊ वर्षांची होती. खरं नाव बापाच्या नावावरून ट्रेबिया, पण लाडाने सगळे पूपा म्हणत, म्हणजे बाहुली. कापुआ शहराहून वर जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात तिच्या हातचे कान लावलेल्या सुरया घरोघरी होत्या.

जन्मल्या दिवशी सुईणीने तिला जमिनीवर ठेवून नीट तपासलं होतं. रडणं जोरकस, बोटं पुरी, सांधे सगळे वळतात. ठेवण्यासारखी आहे, म्हणाली. ज्याचं वैगुण्य दिसतं त्याचा निकाल आमच्याकडे त्याच दिवशी लागतो. शेजारच्या रंगाऱ्याचा मुलगा वाकडा पाय घेऊन आला आणि नाव ठेवायच्या आत गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेला. त्याची आई अजूनही त्या वाटेने पाण्याला जात नाही. पूपाचं वैगुण्य तीन वर्षं दडून बसलं. एके दिवशी बापाच्या फिरत्या चाकाकडे टक लावून बघता बघता ती आडवी झाली, डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला. तोवर ती आईबापांच्या जिवाला चिकटली होती. आता कोण कुठे टाकणार?

या रोगाला आम्ही सभेचा रोग म्हणतो. गावाची सभा भरलेली असताना कोणी असं पडलं, तर देवाने नको म्हटलं असं समजून सभा तिथल्या तिथे मोडतात, म्हणून हे नाव. आणि पडलेल्या माणसावर लोक थुंकतात. वाईटपणाने नव्हे हो. रोग आपल्या अंगावर येऊ नये म्हणून थुंकतात, लहानपणापासून सगळ्यांना तेच शिकवलेलं असतं. पण एकदा का गावाला कळलं, की त्या माणसाच्या ताटात कोणी हात घालत नाही, त्याच्या पेल्याने कोणी पाणी पीत नाही, आणि मुलगी असली तर लग्नाचं नाव काढायचं नाही.

म्हणून ट्रेबियसने लपवलं. पडायच्या आधी पोरीला जळकट वास यायचा आणि ती ओठ चाटायला लागायची. ती खूण दिसली की चाकावरचं भांडं बसलं तरी बेहत्तर, हा उठायचा, जमिनीला टेकायच्या आत तिला उचलायचा आणि भट्टीमागच्या लाकडाच्या खोलीत न्यायचा. तिथे तिची आई साल्विया तिची मूठ सोडवत बसायची, कारण झटक्यात अंगठा मुठीत असा रुतायचा की नखाने तळहात फाटायचा. उठल्यावर पूपाला काही आठवत नसे. लोकांना सांगायचं, पोरीला ऊन सोसत नाही. औषधं केली. कापुआच्या आखाड्यात पडलेल्या लढवय्याचं गरम रक्तसुद्धा वाटीत आणून पाजलं. पोर दोन दिवस ओकत राहिली, रोग होता तिथेच. तेव्हापासून औषध बंद आणि तोंडही बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत सहा वर्षं निघाली.

ती मूठ उघडली हिलारसने. हा पाक्कियस धन्याचा कारभारी. पूर्वी त्यांचाच गुलाम, आता मोकळा झालेला, आणि मोकळा झाल्यापासून धन्यापेक्षा जास्त धनी. एकदा सुरया मोजून घ्यायला न सांगता आत आला आणि लाकडाच्या खोलीतलं सगळं बघून गेला. वर्षभर काही बोलला नाही. ट्रेबियसला वाटलं, भला माणूस आहे. हात्तिच्या! भला माणूस कसला, जपून ठेवलं होतं त्याने, वेळेला काढायला.

वेळ आली ती नगरप्रमुखाच्या निवडणुकीत. एका बाजूला पाक्कियस, ज्याच्या जागेत ट्रेबियसची भट्टी होती आणि ज्याच्या दारात तो रोज पहाटे इतरांबरोबर रामराम घालायला उभा राहायचा. दुसऱ्या बाजूला आल्फियस. त्याने नवं घर बांधलं होतं नेमकं भट्टीच्या वाऱ्याला, आणि अंगणातल्या संगमरवरी बायकांची तोंडं धुराने काळी पडायला लागली होती. निवडून आलो तर गावातल्या सगळ्या भट्ट्या वेशीबाहेर घालवीन, अशी शपथच त्याने चौकात घेतली. वेशीबाहेर ना पाणी, ना माती, ना गिऱ्हाईक. ट्रेबियसच्या बापाने रचलेली ती भट्टी. ती गेली की हात बांधूनच बसायचं.

निवडणुकीच्या तीन दिवस आधी हिलारस भट्टीवर आला. म्हणाला, आपली माणसं डोंगरात गव्हाच्या कापणीला गेलीत, आत्ता मतं पडली तर आपण बुडालो. सभा दहा दिवस पुढे गेली तर सगळे परत येतील आणि धनी हसत हसत निवडून येतील. ट्रेबियसने विचारलं, सभा पुढे जाणार कशी? हिलारसने भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पूपाकडे नुसती मान वळवली. पोरीला ट्रेबियसने पाणी आणायला पिटाळलं.

"ती पडते तेव्हा तिला काही कळतं का?" हिलारसने विचारलं.

"नाही कारभारी."

"मग तिचं जातंय काय? गर्दी एवढी असेल की कोणाची पोर पडली हे चार माणसांनासुद्धा कळायचं नाही. मी डोली तयार ठेवतो. नगरप्रमुख येऊन बघून गेले की उचल आणि घरी ने. त्याच्या आधी मात्र हात लावायचा नाही. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सभा मोडत नाही."

ट्रेबियस म्हणाला, रोग काय सांगून येतो? हिलारसने कमरेच्या पिशवीतून काळा चकचकीत दगड काढला. बाजारात गुलाम विकत घेताना हा दगड जाळून त्याच्या नाकाखाली धरतात. रोग असला तर माणूस तिथेच कोसळतो. वर म्हणाला, आणि चाक आहेच की तुझ्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, बापाने त्या कारभाऱ्याच्या तोंडावर माती फेकायला हवी होती. हवीच होती. पण ट्रेबियसने दोन रात्री हिशेब घातला तो असा, की पोर कधी ना कधी चारचौघांत पडणारच आहे, तिला कळणार काहीच नाही, आणि भट्टी राहिली तर निदान तिला जन्मभर पोटाला मिळेल. साल्वियाला सांगितलं नाही. पोरीला निवडणुकीची गंमत दाखवतो एवढंच म्हणाला. बायकोला सांगायची छाती होत नाही ते काम करू नये, एवढी साधी गोष्ट माणसाला वेळेवर का सुचत नाही, देव जाणे.

निवडणुकीच्या दिवशी पहाटे त्याने पूपाला उठवलं, उपाशीच कारखान्यात आणलं आणि चाकासमोर बसवलं. म्हणाला, आज बघ. पोरीला खरंच वाटेना. त्याने चाकाला गती दिली, ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि एक सुरई वर काढली, तिची मान बारीक केली, परत मोडली, परत काढली. पूपा गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत राहिली.

"बाबा, ही आपोआप उभी राहते का?" तिने विचारलं.

एवढंच. ओठ चाटले नाहीत, काही नाही. मग त्याने निखाऱ्यावर हिलारसने दिलेला दगड ठेवला. तिला खोकला आला, डोळ्यांना पाणी आलं, खिडकी उघडा म्हणाली. ट्रेबियसने खिडकी उघडली. त्याला स्वतःचीच किळस आली होती, पण तरी त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि चौकाकडे निघाला. मला त्याचा राग येतो तो इथे.

चौकात दोऱ्या बांधून अकरा गटांची अकरा आवारं केली होती. एकेक गट आत जायचा, लोक टोपलीत मताच्या पाट्या टाकायचे आणि दवंडीवाला त्या गटाचा निकाल ओरडायचा. ज्याला सहा गट मिळतील तो नगरप्रमुख. ओट्यावर जुने नगरप्रमुख खुर्चीत बसले होते, खाली पाक्कियस आणि आल्फियस खडू लावून पांढरेफटक केलेले टोगे नेसून सगळ्यांना हसत होते. ट्रेबियस ठरलेल्या जागी, ओट्याच्या अगदी पुढ्यात उभा राहिला. ऊन चढलं. पहिला गट आल्फियसला गेला. दुसरा पाक्कियसला. तिसरा, चौथा आणि पाचवा आल्फियसला. पूपा बापाच्या खांद्यावरून सगळं बघत होती आणि मध्येच टाळ्या वाजवत होती, कोणासाठी ते तिचं तिलाच माहीत.

पाचवा निकाल झाला आणि ट्रेबियसच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. पोर पडली नव्हती. देवाच्याच मनात नाही, आपण काय करणार! भट्टी जाते तर जाऊ दे, वीटभट्टीवर मजुरी करू, पण ही लाज पदरात नको. त्याने तिला खाली उतरवलं आणि फुटाणेवाल्याकडून मूठभर फुटाणे घेऊन दिले. सकाळपासून उपाशी होती बिचारी, बकाबका खात सुटली.

तेवढ्यात हिलारस गर्दीतून आला. ट्रेबियसने त्याला सरळ सांगितलं की आम्ही घरी चाललो. हिलारस आवाज न चढवता बोलला, तसे लोक जास्त वाईट. म्हणाला, जा खुशाल. पण आणखी दोन गट गेले की तुझ्या बापाची भट्टी गेली, आणि उद्या पहाटे आमच्या दारात उभं राहायला येऊ नकोस. पुढच्या हिवाळ्यात ही पोर काय खाईल ते मात्र तिला आजच सांगून ठेव.

पूपा दोघांच्या मध्ये उभी होती. तिने हिलारसकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. हातातले उरलेले फुटाणे तिने बापाच्या तळहातावर ठेवले, दोन पावलं ओट्याकडे गेली आणि पडली.

लोक ओरडत मागे सरले, मध्ये वर्तुळ मोकळं झालं. ट्रेबियसचे पाय नेहमीच्या सवयीने धावले. तो गुडघ्यावर बसला, हात पुढे केले, आणि थांबला. पूपा पाय झाडत होती, मान इकडून तिकडे फिरवत होती. पण डोळे मिटलेले होते, गच्च, झोपेचं सोंग घेणाऱ्या पोराचे असतात तसे. आणि अंगठा मुठीत नव्हता. तिने त्या हाताने झग्याची कड धरली होती, गुडघ्याच्या वर जाऊ नये म्हणून.

तिला झटका आलेला नव्हता. ती जागी होती.

लोकांनी थुंकायला सुरुवात केली. आधी जवळच्यांनी, मग मागच्यांनी लांबून, तीन तीन वेळा, रीतीप्रमाणे. फुटाणेवाला थुंकला. पावाच्या दुकानातली बाई, जी रोज तिला करपलेली कड खायला द्यायची, तीही थुंकली आणि तोंड झाकून बाजूला झाली. खऱ्या झटक्यात पूपाला यातलं काहीच कळलं नसतं. एवढ्याच एका गोष्टीवर ट्रेबियसने दोन रात्री स्वतःची समजूत घातली होती. आता प्रत्येक थुंकी पडली की तिचा चेहरा आक्रसत होता, आणि तरी ती पाय झाडत होती.

एका हाताने उचललं असतं तरी झालं असतं. सोंग आहे, पोरकटपणा आहे, असं म्हटलं असतं तर लोक हसले असते, शिव्या घातल्या असत्या आणि चार दिवसांनी विसरले असते. पण भरल्या सभेत देवाचा खोटा कौल उभा केला म्हणून फटके बसले असते त्याला. आणि हिलारस मागून हळूच म्हणाला, "हात लावू नकोस, येतायत ते." ट्रेबियसने हात मागे घेतले. हे त्याने केलं. कोणी धरलं नव्हतं त्याला.

नगरप्रमुख जाडजूड माणूस, ओट्याच्या पायऱ्या उतरून गर्दीतून वाट काढत यायला त्यांना वेळ लागला. त्यांनी काठीच्या टोकाने पूपाच्या झग्याला स्पर्श केला आणि कोणाची म्हणून विचारलं. माझी, ट्रेबियस म्हणाला. शेवटी तेवढं तरी म्हणाला. नगरप्रमुखांनी बरोबर आलेल्या म्हाताऱ्या शकुनवाल्याकडे बघितलं. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग नगरप्रमुख वळून मोठ्याने म्हणाले:

"देवाला सभा मोडायची असती तर त्याने सभेतला माणूस पाडला असता. ही पोर आहे, मुलीची जात. हिची सभेत गणती नाही. जागा धुऊन काढा. सहावा गट आत घ्या."

आणि मतं पुढे चालू झाली. आल्फियस आठ गट मिळवून निवडून आला. पाक्कियस पूपाच्या बाजूने गेला तेव्हा त्याने टोग्याची कड सावरून धरली आणि तोही थुंकला. डोली कुठेच नव्हती. हिलारसही नव्हता.

पुढचं एकदाच सांगून टाकतो. महिन्याभरात भट्टी पाडली गेली. पाक्कियसचं दार बंद झालं. शेजारच्या बायकांनी पूपाच्या हातचे कान असलेल्या सुरया आणून दारात फोडल्या. साल्वियाला सगळं कळलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली, मरेपर्यंत. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. लोक ट्रेबियसला विचारायचे, काय मिळवलंस रे? त्याला या सगळ्याचं उत्तर देता यायचं. माझी चूक झाली, म्हणायचा, आणि खाली बघायचा.

पण त्याच्या मनातून गेलं नाही ते वेगळंच. त्या दुपारी तो तिला उचलून घरी निघाला, स्वतःच्या झग्याने तिचं तोंड पुसत. चौक मागे पडला, कातड्यांची गल्ली गेली, तरी पूपा डोळे मिटूनच होती. विहिरीपाशी वळल्यावर तिने हळूच विचारलं, कोणी बघतंय का. त्याने नाही सांगितलं.

"नीट पडले ना मी?"

ट्रेबियस विहिरीच्या कठड्याला टेकला. पोर त्याच्या खांद्यात तोंड घालून सांगत होती, पाणी आणायला पाठवलंत ना त्या दिवशी, तेव्हा मी गेलेच नव्हते, दाराआडून ऐकत होते. मग आईला विचारलं मी कशी पडते, तर आई म्हणाली पाय झाडतेस आणि मान हलवतेस. फेस मात्र जमला नाही, फुटाण्यांनी तोंड कोरडं पडलं होतं.

"नीट पडलीस," तो म्हणाला.

"मग भट्टी राहील?"

त्याने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग ती जरा रुसल्यासारखं बोलली.

"आज तुम्ही उचललं नाहीत लगेच. आई म्हणते, बाबा तुला जमिनीला टेकूच देत नाहीत. मी मोजत होते."

"किती मोजलंस?"

"मला वीसपर्यंतच येतं. फळीवर कान मावतात तेवढे. वीस झाले की मी परत एकपासून मोजायचे."

परत एकपासून किती वेळा, हे ट्रेबियसने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर ती जगली ती सात वर्षं, चाक गेलं तरी सवयीने त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसायची, तेव्हाही नाही. आता विचारावंसं वाटतं, पण सांगायला ती नाही.